मस्टँग जीटीला मॅन्युअल गिअरबॉक्स : डॉग बॉक्स की सिंक्रो? (मुक्काम इंदूर)

महू_नाका (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न मोठा आहे म्हणून वेगळा धागा काढतोय.

गाडी फोर्ड मस्टँग जीटी, पाच लिटरचं व्ही-8. भारतात ही 2016 साली आली ती 401 पीएस आणि 515 न्यूटन-मीटर घेऊन, आणि सोबत फक्त सहा गिअरचा ऑटोमॅटिक. मॅन्युअलचा पर्याय इथे दिलाच नाही. माझ्या गाडीवर आता सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) आहे. ट्यूनरच्या हिशोबाने क्रँकला 750 न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क मिळतो. ऑटोमॅटिक अजून ठणठणीत आहे, तक्रार काही नाही. पण अशा इंजिनला डाव्या पायाशी क्लच हवा आणि हातात लिव्हर हवा, हे माझं ठाम मत. ती हौस आता पुरी करायची आहे.

वापर आधी सांगतो, कारण सगळा निर्णय त्यावरच आहे. रविवारी पहाटे राऊवरून मानपूरकडे किंवा सिमरोलच्या घाटात. आठवड्यात एखाद्या संध्याकाळी पलासिया ते विजय नगर, म्हणजे सिग्नल, रिक्षा, ई-रिक्षा आणि मे महिन्यातलं बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन. आणि पिथमपूरला नॅट्रॅक्सवर, म्हणजे तिथल्या वाहन-चाचणी केंद्रावर, कोणी आयोजक दिवस घेतात तेव्हा तिथे. बाहेरगावच्या वाचकांसाठी : 2021 साली सुरू झालेला तिथला हाय-स्पीड ट्रॅक 11.3 किलोमीटरचा आहे, चार लेन, 16 मीटर रुंद. घरापासून तासाभरात असा ट्रॅक असणं हे आम्हा इंदूरकरांचं भाग्यच.

पर्याय दोन. पहिला, ट्रेमेकचा टी-56 मॅग्नम एक्सएल. सहा गिअर, सगळ्यांना सिंक्रो (गिअर अडकण्याआधी घासून दोन्हींचा वेग जुळवणारी रिंग), हेलिकल म्हणजे तिरके दात, कंपनीचं रेटिंग 700 पाउंड-फूट म्हणजे साधारण 950 न्यूटन-मीटर. दुसरा, खरा रेसिंगचा डॉग बॉक्स, म्हणजे सिंक्रोशिवाय जाड दातांनी थेट अडकणारा, सरळ दातांचा, एच पॅटर्न (नेहमीच्या लिव्हरसारखा) किंवा सिक्वेन्शियल (एकेक गिअर क्रमानेच वर-खाली).

देवास नाक्यावर, सियागंजात, मित्रांत, जिथे विचारलं तिथे एकच उत्तर : "इतका खर्च करतोच आहेस तर रेसचाच टाक." माझा कल मात्र मॅग्नमकडे आहे. त्याच्या क्लोज रेशोचा (जवळजवळच्या गिअर-गुणोत्तरांचा) हिशोब असा : 2.66, 1.78, 1.30, 1.00, 0.80, 0.63. माझ्या हाउसिंगचा (मागच्या एक्सलच्या डिफरेन्शियलचा) रेशो 3.55 आणि मागचे टायर 275/40 आर 19. म्हणजे चौथ्यात हजार आरपीएमला साधारण ताशी 37 किमी, सहाव्यात 59. ताशी शंभरला सहाव्यात इंजिन 1,700 च्या आतच फिरेल. टॉप गिअर 1.00 असलेला रेस बॉक्स घेतला तर त्याच शंभरला 2,700. भोपाळपर्यंत तसं जायचं तर डोकं उठेल आणि पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत उतरेल.

साडेसहा हजारावर गिअर बदलला तर पहिल्यातून दुसऱ्यात 4,350 ला पडतो, दुसऱ्यातून तिसऱ्यात 4,750 ला, तिसऱ्यातून चौथ्यात बरोबर 5,000 ला. सुपरचार्जरच्या इंजिनाला हे पुष्कळ झालं. पॉवर बँड इतका रुंद असताना याहून जवळचे रेशो कशाला हवेत?

प्रश्न असे : 750 न्यूटन-मीटरला सिंक्रो बॉक्स खरोखर टिकतो का? डॉग बॉक्समध्ये मी काही गमावतोय का? आणि ऑटोमॅटिकची मॅन्युअल करताना उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत कुठे अडतं? ज्यांनी हात काळे केलेत त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

तिसरा_पेडल

महू_नाका, गाडीबद्दल मनापासून अभिनंदन.

मी डॉग बॉक्सच्या बाजूचा. सिंक्रोचा गिअर जोरात टाकायला गेलं की सात हजाराजवळ रिंग अडते, लिव्हर क्षणभर दगडासारखा होतो, आणि घाई केली की दात खरवडतात. डॉगमध्ये तो प्रकार नाही. ॲक्सिलरेटर जरा उचलला, लिव्हर ओढला, बसला. क्लच फक्त गाडी उठवायला. इग्निशन कट (शिफ्टच्या क्षणी ठिणगी तोडणारी यंत्रणा) लावला तर ॲक्सिलरेटरसुद्धा उचलायचा नाही. शिवाय सरळ दात जास्त मजबूत असतात. इतक्या ताकदीच्या गाडीला तेच शोभतं. आवाजाची सवय होते.

पिनियन

पिथमपूरला गिअर कटिंग आणि ग्राइंडिंगमध्ये आयुष्य गेलं, म्हणून या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. लांबेल, पण वाचा.

लोक "रेसिंग गिअरबॉक्स" म्हणतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. एक, दाताचा आकार : सरळ की तिरका. दुसरी, गिअर शाफ्टला कसा अडकतो : सिंक्रोने की डॉगने. या दोघांचा एकमेकांशी संबंध असलाच पाहिजे असं नाही. तिरक्या दातांचा डॉग बॉक्स बनतो, आणि साध्या गाड्यांत सरळ दातांचा गिअरही असतो. बऱ्याच जुन्या गाड्या रिव्हर्स घेताना जो लांबट "वीं" आवाज करतात, तो रिव्हर्सच्या सरळ दातांचा. रेसच्या बॉक्समध्ये तो आवाज प्रत्येक गिअरमध्ये येतो, एवढंच.

आता "सरळ दात जास्त मजबूत" हे. तितक्याच रुंदीच्या, तितक्याच चांगल्या स्टीलच्या तिरक्या दातात एका वेळी जास्त दात भार वाटून घेतात, त्यामुळे तो सरळ दातापेक्षा कमी पडत नाही. सरळ दाताचा खरा फायदा वेगळा आहे. तिरका दात फिरताना शाफ्टला अक्षाच्या दिशेने ढकलतो. टॉर्क जितका जास्त तितका हा धक्का मोठा, आणि तो बेअरिंगवर आणि केसवर (बॉक्सच्या बाहेरच्या कवचावर) येतो. ॲल्युमिनियमचं केस भाराखाली हलतं, शाफ्ट एकमेकांपासून दूर होतात, दातांचा संपर्क कडेला सरकतो आणि तिथून टवका उडतो. सरळ दातात हा धक्काच नाही. बॉक्स जरा कमी तापतो, कमी ताकद खातो, आणि थोड्या संख्येत बनवायला सोपा पडतो. रेसवाले तो घेतात ते यासाठी.

मग सिंक्रो बॉक्स 750 न्यूटन-मीटर का पेलेल? कारण मॅग्नमची केस, शाफ्टचं अंतर आणि दातांची रुंदी त्याच हिशोबाने बांधलेली आहे. दोनशे-अडीचशे न्यूटन-मीटरसाठी बनवलेल्या छोट्या गाडीच्या गिअरबॉक्सवर दुप्पट टॉर्क टाकला तर तो फुटणारच. त्यांच्यासाठी बाहेर सरळ दातांचे संच मिळतात, कारण त्या लहान केसमध्ये दुसरा इलाज नसतो. तुमच्यापुढे ती अडचण नाही, तुम्ही केसच मोठी घेताय.

रेटिंग मात्र डोळे झाकून वाचू नका. इंजिनचे 750 पहिल्या गिअरला 2.66 ने गुणले की जवळजवळ 2,000, त्याला 3.55 ने गुणा, मागच्या एक्सलवर 7,000 च्या वर. हा झाला शांतपणे दिलेला टॉर्क. चिकट टायर लावून चार हजारावर क्लच झटक्यात सोडला की फ्लायव्हीलमध्ये साठलेला सगळा जोर एका क्षणात येतो, आणि तो आकडा या हिशोबात कुठेच नाही. गिअरबॉक्स फुटतात ते बहुतेक इथे.

आता अडकण्याची पद्धत. सिंक्रोमध्ये आधी कोन आणि रिंग घासून दोघांचा वेग एक करतात, मग बारीक दातांची माळ एकमेकांत जाते. डॉगमध्ये मोजके पाच-सात जाड दात आणि त्यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा. वेग जुळो न जुळो, ते आपटून आत जातात. दातांच्या बाजूंना काही अंशांचा उलटा उतार असतो, त्यामुळे भार असेपर्यंत गिअर निसटत नाही. आणि म्हणूनच काढताना भार क्षणभर सोडावा लागतो.

हाच प्रकार आपल्याकडे प्रत्येक मोटरसायकलमध्ये आहे. बुलेट घ्या, पल्सर घ्या, सगळे सिक्वेन्शियल डॉग बॉक्स, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालतात. तिथे खपतं कारण क्लचच्या पलीकडे फिरणारं वजन थोडं आहे, आपटलं तरी मार किरकोळ बसतो. मस्टँगची क्लच प्लेट आणि इनपुट शाफ्ट यांचं फिरतं वजन कितीतरी जास्त. पलासियाच्या सिग्नलला पहिल्यातून दुसऱ्यात हळूच, मायेने गिअर टाकाल तर डॉगच्या कडा थोड्या थोड्या गोल होत जातील. कडा गोल झाल्या की भाराखाली गिअर निसटायला लागतो. डॉग बॉक्सला हळुवार हात चालत नाही, आणि शहरात हात हळुवारच पडतो.

माझं मत स्पष्ट आहे : मॅग्नम घ्या.

महू_नाका (धागाकर्ता)

पिनियनकाका, याच उत्तरासाठी धागा काढला होता. केस हलण्याचा मुद्दा मला कोणीच सांगितला नव्हता. आभार.

तिसरा_पेडल, सात हजारावर रिंग अडण्याचा मुद्दा मलाही खरा वाटतो. पण माझ्या वापरात सात हजारावरचे किती शिफ्ट, आणि दीड-दोन हजारावरचे किती? दुसरा आकडा शेकडो पटींनी मोठा निघेल.

घाटवाली

मी रॅलीत डॉग बॉक्स चालवते, रोजच्या गाडीत साधा. दोन्हींचा फरक हाताला ठाऊक आहे म्हणून लिहिते.

स्टेजवर (रॅलीच्या वेळ मोजलेल्या टप्प्यावर) डॉग बॉक्ससारखं सुख नाही. खडीवर, वळणाच्या तोंडाशी चौथ्यातून दुसऱ्यात यायचं असतं तेव्हा सिंक्रोची वाट बघायला वेळ नसतो. ॲक्सिलरेटरला एक टिचकी आणि लिव्हर ठामपणे आत. ठामपणे हा शब्द महत्त्वाचा. अर्धवट ढकललेला गिअर सर्वात जास्त नुकसान करतो. आमच्याकडे ठरावीक रॅली झाल्या की बॉक्स खोलून डॉग रिंगच्या कडा तपासतात, गरज पडली तर बदलतात. तो खर्च धरूनच मोसमाचा हिशोब मांडलेला असतो.

आता तीच गाडी सर्व्हिस पार्कमधून हॉटेलपर्यंत शहरातून न्यायची असते तेव्हाचं सांगते. पहिल्या गिअरमध्ये रांगताना डॉगच्या मधल्या मोकळ्या जागेमुळे ॲक्सिलरेटर दाबला की "खट्‌", सोडला की "खट्‌". पूर्ण गाडीला हिसका. सरळ दातांच्या आवाजात शेजारच्याशी बोलता येत नाही. सिक्वेन्शियल असेल तर आणखी एक : पाचव्यात असताना अचानक थांबावं लागलं तर पाचातून एकापर्यंत एकेक पायरी उतरायची, तीही गाडी चालू असताना. गाडी पूर्ण थांबली आणि दात समोरासमोर आले तर गिअर बसतच नाही, क्लच जरा सोडून शाफ्ट फिरवून घ्यावा लागतो. मागे बसचा हॉर्न वाजत असताना हे करून बघा.

महू_नाका, तुमच्या वापरात नॅट्रॅक्सचे दिवस थोडे आणि इंदूरच्या संध्याकाळी जास्त आहेत. सिंक्रो घ्या. उरलेल्या पैशांत क्लच आणि ब्रेक चांगले घ्या. सुपरचार्जर लावल्यावर ब्रेकचं काय केलंत ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते.

सयाजीगंज

बडोद्याहून. गिअरबॉक्सच्या निवडीबद्दल वरच्या दोघांशी सहमत, +१. मी दोन अशा गोष्टींवर लिहितो ज्यांच्याकडे लोक बघत नाहीत, आणि ज्यांच्यामुळे नवाकोरा बॉक्स खराब होतो.

पहिली, बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारं, क्लचवरचं घंटेच्या आकाराचं कवच. ऑटोमॅटिकची मॅन्युअल करताना बेल हाउसिंग बदलतं. इंजिनच्या मागच्या बाजूला ते दोन डॉवेल पिनांवर (जागा नेमकी धरणाऱ्या खुंट्यांवर) बसतं. बाहेरून आणलेल्या बेल हाउसिंगचं मधलं भोक क्रँकच्या केंद्राशी तंतोतंत जुळेलच याची खात्री नसते. ट्रेमेकची मर्यादा आहे पाच थाउ (इंचाचे पाच हजारांश), म्हणजे 0.13 मिलिमीटर, डायल गेजवरचं एकूण वाचन. डायलचा स्टँड फ्लायव्हीलवर चिकटवायचा, टोक भोकाच्या आतल्या कडेला लावायचं, क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवायचा. वाचन जास्त आलं तर केंद्र सरकवलेल्या डॉवेल पिना मिळतात, त्या घालून परत मोजायचं. भोकाबरोबर बेल हाउसिंगच्या तोंडावरही डायल फिरवून पाहा, ते क्रँकला समांतर हवं.

हे न करता बॉक्स चढवला की इनपुट शाफ्ट दर फेऱ्याला किंचित वाकतो. लक्षणं ओळखीची असतात : गरम झाल्यावर गिअर जड, पायलट बेअरिंगचा (क्रँकच्या टोकात इनपुट शाफ्टला आधार देणाऱ्या बेअरिंगचा) आवाज, पुढच्या बेअरिंगची झीज, उच्च आरपीएमला दुसरा-तिसरा अडणं. आणि दोष जातो गिअरबॉक्सला. तिसरा_पेडल यांनी लिहिलेल्या दगडी लिव्हरच्या कित्येक तक्रारींचं मूळ इथे, नाहीतर पूर्ण न सुटणाऱ्या क्लचमध्ये असतं. क्लच जरा ओढत असेल तर जगातला कोणताही सिंक्रो नीट बसणार नाही.

ऑटोमॅटिकच्या क्रँकला पायलट बेअरिंग बसवलेलं नसतं, तिथे टॉर्क कन्व्हर्टर असतो. ते बेअरिंग विसरू नका.

दुसरी गोष्ट, प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा दांडा. ओव्हरड्राइव्हमुळे (1.00 पेक्षा कमी रेशोच्या गिअरमुळे) इंजिन आरामात फिरतं, पण शाफ्टला आराम मिळत नाही. तुमच्याच आकड्यांवर करतो. ताशी 250 ला पाचव्यात, म्हणजे 0.80 ला, इंजिन साधारण 5,360 वर. शाफ्ट मात्र 6,700 वर! गिअरबॉक्सच्या मागे जे काही आहे ते फक्त चाकाचा वेग आणि 3.55 यांचा हिशोब ओळखतं. रोजच्या रस्त्यावर ही पाळी येत नाही, नॅट्रॅक्सच्या लांब सरळीवर नक्की येईल. प्रत्येक शाफ्टचा एक क्रिटिकल वेग असतो. त्या वेगाला तो मधोमध धनुष्यासारखा फुगायला लागतो. लांबी वाढली की हा वेग झपाट्याने खाली येतो, नळीचा व्यास वाढवला की वर जातो. कंपनीच्या गाडीत दोन तुकड्यांचा शाफ्ट आणि मध्ये बेअरिंग असतं ते बरंचसं याचसाठी. मॅग्नम बसवणारे बहुतेक जण एका तुकड्याचा ॲल्युमिनियमचा शाफ्ट घेतात. घ्या, पण बनवणाऱ्याकडून त्या लांबीचा क्रिटिकल वेग लेखी मागा, आणि तो तुमच्या कमाल शाफ्ट-वेगापेक्षा भरपूर वर असू द्या. शाफ्टखाली सेफ्टी लूप लावाच. पुढचा जॉइंट तुटला तर शाफ्टचं तोंड रस्त्यात रुततं, त्यानंतर गाडी कोणाच्या हातात राहत नाही.

शाफ्टचे कोनसुद्धा मोजा. गिअरबॉक्सचा माउंट बदलला की कोन बदलतो, आणि कोन चुकला की ऐंशी-नव्वदला घरघर सुरू होते.

पंचेचाळीस_अंश

विरुद्ध बाजू मांडतो, कारण धाग्यात ती यायला हवी. तुमचा 6आर80 ऑटोमॅटिक झेडएफ या जर्मन कंपनीच्या सहा गिअरवाल्या डिझाइनवरून आलेला आहे आणि चांगला दणकट आहे. आतल्या क्लच प्लेट्स आणि कन्व्हर्टर सुधारून घेतले तर 750 न्यूटन-मीटर तो आरामात घेईल. ड्रॅगच्या पट्ट्यावर बहुतेक वेळा ऑटोमॅटिकच पुढे जाते, कारण शिफ्ट करताना ताकद तुटत नाही. उन्हाळ्यात विजय नगरच्या गर्दीत डावा पाय मोकळा. पैसेही पुष्कळ कमी. घड्याळ बघत असाल तर मॅन्युअलकडे जाण्याचं कारण नाही.

महू_नाका (धागाकर्ता)

पंचेचाळीस_अंश, तुमचा प्रत्येक शब्द बरोबर आहे. घड्याळासाठी हे करत नाहीये मी. भेरूघाट चढताना तिसरा कधी सोडायचा हे मला ठरवायचं आहे. मला गाडी चालवण्यातलं ते काम हवं आहे, आणि त्यासाठी खर्च करायची माझी तयारी आहे.

घाटवालीताई, ब्रेक मोठे केले आहेत. पुढे सहा पिस्टनचे कॅलिपर, पॅड आणि ब्रेक ऑइल ट्रॅकला चालणारं. मूळ धाग्यात लिहायला हवं होतं, योग्य विचारलंत.

सयाजीगंज, क्रिटिकल वेगाचा मुद्दा सोन्यासारखा. शाफ्ट बनवणाऱ्याला आजच विचारतो.

आता क्लचचं सांगा. ट्विन डिस्क (दोन प्लेटची) घ्यायची की एकच, सिरॅमिक पक (घर्षणाच्या कडक चकत्या) वाली? आणि पेडलांचं?

पिनियन

ट्विन डिस्क, ऑरगॅनिक. सिरॅमिक पकला मधली जागा नाही, एकतर सुटलेला नाहीतर पकडलेला. रिव्हर्समध्ये चढावर गाडी लावताना सगळी गाडी थरथरते, आणि तोच हिसका रोज गिअरच्या दातांवर जातो. दोन डिस्क असल्या की घासणारे पृष्ठभाग दुप्पट, त्यामुळे प्रेशर प्लेटची स्प्रिंग भलती कडक करावी लागत नाही. पायाला कंपनीच्या मॅन्युअल मस्टँगपेक्षा थोडीच जड लागेल. उन्हात गर्दीतून जायचंय तर हे फार महत्त्वाचं आहे, कारण जड क्लचवर माणूस नकळत हाफ क्लच धरून ठेवतो आणि प्लेट तिथेच जळते.

फ्लायव्हील अगदी हलकं करू नका. हलक्या फ्लायव्हीलने आरपीएम चटकन पडतात, शिफ्टला मजा येते, पण गाडी उठवताना बंद पडते आणि न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सची खडखड वाढते. मॅग्नममध्ये न्यूट्रलला थोडी खडखड येतेच, क्लच दाबल्यावर गेली तर घाबरायचं कारण नाही.

पहिल्या गिअरचं गणित शहरासाठीही ठीक बसतंय. हजार आरपीएमला ताशी 14 किमी, म्हणजे पाय पूर्ण काढून सातशेच्या आयडलवर गाडी ताशी दहाने रांगेल. सिग्नलच्या रांगेत तेवढं पुरतं.

हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग असेल तर त्याचं अंतर मोजूनच बसवा. नवीन प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेटची बोटं बेअरिंगच्या दिशेने येतात. जागा ठेवली नाही तर क्लच कधीच पूर्ण पकडणार नाही. आणि बसवल्यावर पहिले सात-आठशे किलोमीटर शहरातच, सौम्य चालवा, प्लेट नीट बसू द्या.

सयाजीगंज

पेडलांसाठी अमेरिकेकडे बघू नका, तिथल्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात हीच मस्टँग उजव्या स्टिअरिंगची आणि मॅन्युअल विकली गेली. पेडल बॉक्स, क्लचचा मास्टर सिलिंडर, त्याची नळी आणि कन्सोलचा वरचा भाग त्या बाजूच्या गाड्यांचा शोधा. अपघाती गाड्यांचे भाग विकणारे तिकडे बरेच आहेत. ब्रेकचं पेडलही बदलावं लागतं, ऑटोमॅटिकचं रुंद असतं.

मग राहतं ते इलेक्ट्रॉनिक्स. गाडीच्या संगणकाला गिअरबॉक्स सापडला नाही तर तो लिंप मोडमध्ये (इंजिनची ताकद मुद्दाम कमी ठेवणाऱ्या बचावाच्या अवस्थेत) बसेल. मॅन्युअलचं कॅलिब्रेशन, क्लच पेडलचा स्विच, स्टार्टचा इंटरलॉक, रिव्हर्सचा दिवा, हे सगळं ट्यूनरने आधी कागदावर मांडून द्यायला हवं. गाडी खोलण्यापूर्वी. ट्यूनर म्हणाला "नंतर बघू", तर गाडी खोलू नका.

आयातीचं : मॅग्नमचं नुसतं वजनच साठ किलोच्या आसपास आहे. विमानाने की जहाजाने, कस्टम ड्युटी आणि आयजीएसटी धरून एकूण किती, हे क्लिअरिंग एजंटकडून आधी लिहून घ्या. गिअरबॉक्स, बेल हाउसिंग, क्लच, फ्लायव्हील एकाच विक्रेत्याकडून जुळवलेला संच म्हणून आलेलं चांगलं. क्लचच्या स्प्लाइन आणि बेअरिंगची उंची जुळत नाही म्हणून महिनोन्‌महिने लिफ्टवर उभ्या राहिलेल्या गाड्या पाहिल्या आहेत.

तिलकनगर_इंदूर

मी वकिली करतो, गाड्यांची आवड आहे, म्हणून कायद्याचा भाग.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52. आरसीमधल्या नोंदी आणि कंपनीने मुळात दिलेली वैशिष्ट्यं यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करायचा नाही, हा त्याचा गाभा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीने कलम 182अ आलं. त्यात परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

आरसीवर इंजिन क्रमांक, चॅसिस क्रमांक, इंधन, आसनं, रंग, वजन अशा नोंदी असतात. गिअरबॉक्सचा प्रकार त्यात सहसा नसतो, म्हणून लोक "चालतं" म्हणतात. तेवढ्यावर विसंबू नका. विजय नगरच्या बाजूला एखादा अपघात झाला आणि समोरच्याने बोट दाखवलं, तर तुमच्याकडे कागद काय आहे हा प्रश्न येईल. आरटीओला लेखी अर्ज करा, बदलाचं वर्णन द्या, पोच घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावरून दावा नाकारला जाऊ शकतो. यात सुपरचार्जरही धरा, कारण तुमच्या गाडीत आरसीच्या दृष्टीने गिअरबॉक्सपेक्षा तोच मोठा बदल आहे.

महू_नाका (धागाकर्ता)

साहेब, अर्जाचा मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, एकदा नजर घालाल का? सुपरचार्जरचंही त्याच अर्जात घेतो.

निर्णय झाला. मॅग्नम एक्सएल, क्लोज रेशो, ट्विन डिस्क ऑरगॅनिक, एका तुकड्याचा शाफ्ट सेफ्टी लूपसह. ट्यूनरचा वायरिंगचा कागद हातात आल्याशिवाय एक बोल्ट सोडणार नाही. तिसरा_पेडल, तुमच्या हौसेचा मान ठेवूनच हे लिहितोय. कधी फक्त ट्रॅकची गाडी बांधली तर त्यात डॉग बॉक्सच असेल.

तिसरा_पेडल

मान्य. घाटवालींचा प्रतिसाद वाचून शहरातल्या "खट्‌-खट्‌"चा विचार केला. रस्त्याच्या गाडीला मॅग्नमच बरा. आणि पुढे वाटलंच तर मॅग्नमच्या आतले सिंक्रो काढून डॉगसारखे स्लायडर बसवून देणारे लोक अमेरिकेत आहेत, केस तीच राहते. वाट बंद होत नाही.

घाटवाली

तेलाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आपल्याकडे मेकॅनिक मागच्या चाकांवर चालणारी गाडी दिसली की गिअरबॉक्समध्ये नव्वद नंबरचं ऑइल ओततो. मॅग्नमला ते चालत नाही. त्याला एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं पातळ तेल) लागतं, डेक्स्रॉन-3 दर्जाचं, किंवा ट्रेमेकचं स्वतःचं. जाड तेलात सिंक्रोची रिंग तेलाचा थर कापून कोनाला पकडूच शकत नाही, सकाळी थंडीत दुसरा गिअर घासत जातो. हाउसिंगच्या जीएल-5 तेलातली गंधकाची रसायनं पितळी रिंगांना मारक असतात, ती वेगळीच. डबा स्वतः विकत घ्या, स्वतः समोर उभं राहून भरून घ्या, आणि पहिलं तेल लवकर बदला. काढलेलं तेल पांढऱ्या ट्रेमध्ये घेऊन बघा. चुंबकावर बारीक काळी पेस्ट आली तर ठीक, चमकणारे तुकडे आले तर गाडी तिथेच थांबवा.

पिनियन

+१, अगदी बरोबर. त्यात एक भर : मॅग्नमला रिव्हर्स लॉकआउटचा (चुकून रिव्हर्स पडू न देणारा, विजेवर चालणारा) सोलेनॉइड असतो. वायर जोडली नाही तर रिव्हर्स टाकायला लिव्हर अंगातल्या जोराने दाबावा लागतो, आणि लोकांना वाटतं बॉक्स खराब आहे. ट्यूनरच्या कागदात ती वायर आहे का बघून घ्या. आणि महू_नाका, बेल हाउसिंग आलं की डायल गेज घेऊन मी पिथमपूरहून येतो. शनिवार सोडून कधीही कळवा.